हेक्टर आणि आर यांच्यामधला ठिपका

महाराष्ट्रात लोहारा एकच नाही. धाराशिव जिल्ह्यात लोहारा हे तालुक्याचं ठिकाण आहे. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याकडे एक लोहारा आहे. आणि एक लोहारा यवतमाळ शहराला इतकं लागून आहे की शहर कुठे संपलं नि गाव कुठे लागलं, हे नवख्या माणसाला कळायचं नाही. २०११ च्या जनगणनेत या गावाची नोंद गणना-नगर म्हणून झाली. यवतमाळची एमआयडीसी इथेच आहे. तिथे डेनिम विणणारी रेमंडची गिरणी आहे, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शहर वाढत इथवर आलं, तरी पावसाळ्यात या बाजूला पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), सोयाबीन आणि तूर उभी असतेच. एका अंगाला वावर आणि दुसऱ्या अंगाला ले-आउट, असं हे गाव.

एखाद्या सरकारी कामाच्या स्क्रीनवर गाव निवडायचा रकाना आला आणि त्यात 'लोहारा' एवढंच लिहिलं, तर कोणतं लोहारा धरायचं? जगभरातले प्रोग्रामर वापरतात ती तयार शोधपेटी यादीतलं पहिलं जुळणारं नाव वर आणते, आणि घाईत असलेला माणूस वरचंच नाव दाबतो. शेतकरी आपल्या पिकाची नोंद करतो त्या सरकारी ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये म्हणूनच थेट गाव लिहायला सांगत नाहीत. आधी महसूल विभाग अमरावती, मग जिल्हा यवतमाळ, मग तालुका, मग गाव. पायऱ्या वाढतात, बोटं जास्त वेळा दाबावी लागतात, पण माणूस आपल्याच लोहाऱ्यात पोचतो. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा गावाच्या नावाशेजारी केंद्राच्या यादीतला गावाचा संकेतांकही छापायला सुरुवात झाली. नाव माणसासाठी, अंक यंत्रासाठी. दोन्ही जवळजवळ ठेवले आणि वर्षानुवर्षांचा एक गोंधळ मिटला.

या लेखाचा विषय असाच बारीक आहे. ज्या प्रणालीत एखादं काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत जातं, तिच्या स्क्रीनवरचा एकेक भाग कसा घडवायचा? प्रोग्रामर त्याला कंपोनंट म्हणतात. तारीख निवडायची चौकट, आकडा लिहायचा रकाना, फोटो काढायचं बटण, नावांची यादी, हे सगळे कंपोनंट. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्यासाठी अशी कामं बांधायला पेगा, अ‍ॅपियन, सर्व्हिसनाऊ, कॅमुंडा यांसारखी मोठी सॉफ्टवेअर मिळतात आणि त्यांत शेकडो तयार भाग असतात. ते ओढून आणायचे, जोडायचे, की काम चालू. बहुतेक ठिकाणी ते पुरतातही. जिथे पुरत नाहीत तिथे आपला भाग आपण घडवावा लागतो, आणि ही जागा ओळखणं हेच या धंद्यातलं खरं कसब आहे असं मला वाटतं. ती जागा दाखवायला सातबाऱ्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

टेबलावरून टेबलावर जाणारं काम म्हणजे काय, ते फेरफाराच्या नोंदीत स्पष्ट दिसतं. शेत विकलं जातं, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो, त्याची वर्दी तलाठ्याकडे येते. (तलाठ्यांचं पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहे, म्हणून इथेही तेच ठेवतो.) तलाठी फेरफार तयार करतो, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते, १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-अ मध्ये जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. पूर्वी हे सगळं वहीत होत असे. ई-फेरफार प्रकल्पानं ते संगणकावर आणलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा लोकांना मिळू लागला. वही गेली आणि तिच्या जागी स्क्रीन आली. पण वहीतले रकाने ज्या शहाणपणानं आखले होते, ते स्क्रीनवर आपोआप येत नाही. ते मुद्दाम आणावं लागतं.

वहीचं शहाणपण म्हणजे काय, ते जुना गाव नमुना १२ उघडून पाहिलं की कळतं. १९७१ च्या नियमांनी अधिकार अभिलेखाचे जे नमुने ठरवले, त्यांतला हा पिकांचा नमुना. आजच्या अनेक स्क्रीनपेक्षा तो जास्त विचार करून बनवलेला आहे. त्यात 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' असा एक मोठा गट आहे. त्या गटात आधी मिश्रणाचा संकेतांक, मग जलसिंचित नि अजलसिंचित क्षेत्र, आणि त्याखाली घटक पिकं नि प्रत्येकाखालचं क्षेत्र. शेजारी 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' वेगळं. त्यापुढे लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन, सिंचनाचं साधन, शेरा. ज्यानं हे रकाने आखले त्याला ठाऊक होतं की एका वावरात एकच पीक असतं हे गृहीत धरून चालत नाही. कोरडवाहू मुलखात माणूस एकाच पिकाच्या भरवशावर बसत नाही.

यवतमाळकडचा शेतकरी आपलं पीक सांगतो ते असं: आठ तासं पऱ्हाटी, दोन तासं तूर. तासं म्हणजे ओळी. वेचणी संपत आली की तूर हाती येते, एक बुडालं तर दुसरं तारतं. एवढ्या साध्या वाक्याला तयार स्क्रीन गोंधळते. तिच्यात 'पीक' नावाची एक यादी आणि 'क्षेत्र' नावाची एक चौकट असते. एक पीक, एक क्षेत्र. मग माणूस काय करतो? कापूस निवडतो, सगळं क्षेत्र कापसाला देतो, आणि तूर नोंदीतून जाते. किंवा दोन वेगळ्या नोंदी करतो आणि दोन्हींत पूर्ण क्षेत्र भरतो. मग बेरीज सातबाऱ्यापेक्षा जास्त होते, प्रणाली लाल अक्षरांत चूक दाखवते, आणि तो फोन शेजारच्या पोराच्या हातात देतो.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टची तांत्रिक मदत तिला होती. शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करायची, ही मूळ कल्पनाच मोठी होती. तोवर ही नोंद तलाठ्यानं करायची असे, आणि एका तलाठ्याकडे अनेक गावं. या अ‍ॅपनं नमुना १२ चं शहाणपण बऱ्याच अंशी सांभाळलं, हे सांगायलाच हवं. पिकाचा वर्ग विचारताना त्यात 'निर्भेळ' आणि 'मिश्र' हेच शब्द आले. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदवायची सोय झाली. कायम पड, चालू पड आणि बांधावरची झाडं यांनाही जागा आहे. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच तयार फॉर्ममध्ये 'चालू पड' हा पर्याय नसतो. तो असावा यासाठी कुणीतरी वही उघडून पाहिली होती.

पण तासांचं गणित अजून माणसालाच करावं लागतं, आणि तिथे मला एक भाग घडवायची जागा दिसते. शेतकऱ्याला हेक्टर विचारू नये, तासं विचारावीत. आठाला दोन. चौकटीत दोन लहान आकडे, शेजारी दहा ओळींचं साधं चित्र, आठ हिरव्या नि दोन पिवळ्या. वावर एक हेक्टरचं असेल नि तासांमधलं अंतर सारखं असेल, तर प्रणालीनंच ८० आर आणि २० आर असं मांडून दाखवावं आणि 'बरोबर आहे का' एवढंच विचारावं. तुरीचं तास रुंद असेल तर खालचे आकडे हातानं बदलता यावेत. हे बनवायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. लागतं ते एवढंच की बनवणाऱ्यानं एकदा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून तासं मोजलेली असावीत.

आता क्षेत्राच्या रकान्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथे होऊ शकतं. सातबाऱ्यावर शेतीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. एक हेक्टर म्हणजे १०० आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यामुळे १ हेक्टर ५ आर हे १.०५.०० असं लिहिलं जातं. यातले ठिपके दशांशाचे नाहीत, ते दोन मापांना वेगळं करणारे ठिपके आहेत. पण संगणकाच्या तयार आकड्याच्या चौकटीला हे कोण सांगणार? माणसानं '१.५' असं टाइप केलं, मनात एक हेक्टर पाच आर, तर चौकट ते १.५० हेक्टर समजते, म्हणजे दीड हेक्टर. दोघांत ४५ आरांचा फरक पडला. एकरात सांगायचं तर एक एकर आणि वर थोडं. चौकटीनं लाल रंग दाखवला नाही, कुठे चूक म्हटलं नाही, कारण तिच्या दृष्टीनं दोन्ही आकडे बरोबरच आहेत.

या ४५ आरांची किंमत पैशांत काढता येते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारनं २०२४ मध्ये अर्थसहाय्य दिलं. ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र असेल तर सरसकट १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरांच्या मर्यादेत. आधार कशाचा, तर ई-पीक पाहणीतल्या नोंदीचा. या हिशेबानं १.०५ ला ५,२५० रुपये होतात आणि १.५० ला ७,५००. एका ठिपक्याच्या अर्थावर २,२५० रुपये. ज्यानं कमी भरलं त्याचे गेले, ज्यानं जास्त भरलं त्याच्यावर उद्या वसुलीची वेळ येऊ शकते, आणि दोघांनीही खोटं काही लिहिलेलं नसतं. ज्यांची नोंद अ‍ॅपमध्ये झालीच नव्हती त्यांचा प्रश्न तेव्हा एवढा मोठा झाला की शेवटी ती अट सैल करून तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावरची पीकनोंद मानावी लागली. यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात अर्थसहाय्याच्या यादीत नाव आहे की नाही, ही तेव्हा घराघरातली गोष्ट होती.

लोहाऱ्यासारख्या गावात हा ठिपका आणखी अवघड होतो. २०२० च्या नव्या नमुन्यात शेतजमिनीला हेक्टर-आर-चौरस मीटर हे एकक राहिलं आणि बिनशेतीला आर-चौरस मीटर हे एकक आलं. निर्णय योग्यच होता, प्लॉटला हेक्टर कशाला? पण आता शेजारी शेजारी दोन सातबारे घ्या, एक वावराचा, एक ले-आउटमधल्या प्लॉटचा. वावराच्या बाबतीत १.५० म्हणजे १ हेक्टर ५० आर, म्हणजे १५,००० चौरस मीटर. प्लॉटच्या बाबतीत तेच १.५० म्हणजे १ आर ५० चौरस मीटर, म्हणजे १५० चौरस मीटर. बरोब्बर शंभरपट. आणि प्लॉटवाला माणूस यातलं कुठलंच माप बोलत नाही, तो चौरस फूट बोलतो. त्याच्या तोंडी तो १,६१५ फुटांचा प्लॉट असतो, तर वावरवाल्याच्या तोंडी पावणेचार एकर. एकाच गावात, एकाच रकान्यात हे दोघे लिहिणार आहेत.

उपाय काय, तर ठिपका माणसाच्या हातातून काढून घ्यायचा. तीन वेगळ्या चौकटी: हेक्टर, आर, चौरस मीटर. प्रत्येकीवर तिचं नाव वर लिहिलेलं, चौकटीच्या आत फिकट अक्षरांत नव्हे. टाइप करायला लागलं की आतलं नाव नाहीसं होतं आणि आपण काय लिहितोय हेच माणूस विसरतो. शेतजमीन असेल तर आरच्या चौकटीत ९९ च्या वर आकडा घ्यायचा नाही. बिनशेती जमीन असेल तर हेक्टरची चौकट दिसतच नाही. आणि तिन्हींच्या खाली, लिहिता लिहिताच, मोठ्या अक्षरांत: 'म्हणजे सुमारे २ एकर २४ गुंठे.' १ हेक्टर ५ आर लिहिले तर हे वाक्य येईल. चुकून १ हेक्टर ५० आर झाले तर ३ एकर २८ गुंठे येईल, आणि ज्याचं वावर आहे त्याला ते तत्काळ खटकेल. स्वतःचं शेत किती एकर आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. माणसाच्या डोक्यात आधीच असलेल्या मापाशी स्क्रीननं आपला आकडा ताडून दाखवायचा, या भागाचं सगळं काम एवढंच.

आत मात्र प्रणालीनं एकच आकडा साठवावा: चौरस मीटर, पूर्णांकात. १.०५.०० चे १०,५००. दशांश नकोत, ठिपके नकोत. पुढच्या टेबलावर तलाठी असो, विमा कंपनी असो की बाजार समिती, त्यांना हाच आकडा जावा आणि ज्यानं त्यानं आपल्या सोयीच्या मापात तो पाहावा. चौकटी कशा दिसतात, एकराचं वाक्य कसं तयार होतं, हे कामाच्या साखळीला माहीत असायची गरज नाही. साखळीला मूल्य कळावं, ते बदललं तर निरोप मिळावा, आणि ते अपुरं असेल तर काम पुढे सरकू नये, बस. चांगला कंपोनंट आणि वाईट कंपोनंट यांतला फरक तज्ज्ञ लोक इथेच शोधतात. वाईट भागात स्क्रीनचा देखावा आणि कामाचे नियम एकमेकांत गुंतलेले असतात. उद्या नियम बदलला की स्क्रीन मोडते, स्क्रीन बदलली की नियम बिघडतात.

अंकांचाही एक स्वतंत्र प्रश्न आहे. वेबपानांच्या मानकात आकड्यासाठी जी तयार चौकट आहे, तिच्यात साठणारं मूल्य इंग्रजी अंकांतच असावं लागतं. सातबारा मराठीत, माणूस मराठीत, कळफलकही कधी मराठीत. आणि '५' टाइप केल्यावर चौकट गप्प राहिली तर फोन बिघडला असं वाटतं. आपला भाग घडवताना देवनागरी अंक आले तर ते स्वीकारायचे, आतल्या आत बदलायचे आणि दाखवताना पुन्हा माणसाच्या अंकांत दाखवायचे. दहा अंकांची दहा अंकांशी जोडणी आहे, प्रोग्रामरच्या अर्ध्या तासाचं काम. ते कुणी मागत नाही म्हणून होत नाही.

या तयार चौकटीबद्दल तक्रार करणारे आपण एकटे नाही. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेनं २०२० मध्ये आपल्या फॉर्मांसाठी आकड्यांची ही तयार चौकट वापरणं थांबवलं. माउसचं चाक चुकून फिरलं की आतला आकडा बदलतो, अंध व्यक्तींची वाचक सॉफ्टवेअर तिच्याशी नीट बोलत नाहीत, अशी त्यामागची कारणं होती. त्यांनी साधी मजकुराची चौकट घेतली आणि फोनला फक्त अंकांचा कळफलक उघडायला सांगितलं. जन्मतारखेसारख्या ठाऊक असलेल्या तारखांसाठी त्यांनी कॅलेंडर बाजूला ठेवून दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी दिल्या. एवढ्या श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्या देशालाही तयार भाग पुरला नाही. त्यांची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती वेगळीच आहे: त्यांनी हे भाग एकदा घडवले, प्रत्यक्ष माणसांवर तपासले, आणि सगळ्या खात्यांना वापरायला खुले केले. २०१८ पासून ही त्यांची सामायिक पेटी आहे. भारतातही केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या यंत्रणेनं यूएक्सफोरजी या नावानं अशी पेटी बांधायला घेतली आहे. बटणं, रंग, अक्षरं, फॉर्मचे साधे भाग तिच्यात मिळतात. हेक्टर-आरचा भाग तिच्यात महाराष्ट्रानं घालायला हवा. दुसरं कोण घालणार?

कारण तोच शेतकरी तेच क्षेत्र किती ठिकाणी लिहितो ते पाहा. ई-पीक पाहणीत एकदा. पीक विम्याच्या पोर्टलवर एकदा. कृषी खात्याच्या महाडीबीटीवर एखाद्या अनुदानासाठी. बँकेच्या पीककर्जाच्या अर्जात. आणि २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' अ‍ॅपमध्ये, कारण हमीभावानं कापूस विकायचा तर त्यात नोंदणी करून दिवस आरक्षित करावा लागतो. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये; पेऱ्याचं क्षेत्र पाहूनच किती कापूस घ्यायचा ते ठरतं. पाच दारं, पाच वेगळ्या स्क्रीन, पाच वेगळ्या चौकटी. एकीकडे हेक्टर, दुसरीकडे एकर. मग यातल्या दोन नोंदी जुळल्या नाहीत की दोष शेतकऱ्याच्या माथी. पीक विम्यात राज्यानं २०२३ मध्ये असं ठरवलं की विमा उतरवलेलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक यांत तफावत निघाली तर ई-पीक पाहणीतली नोंद अंतिम धरायची. नियम म्हणून ते समजू शकतं, कुठलं तरी एक दप्तर खरं मानावंच लागतं. पण मग त्या एका दप्तराच्या स्क्रीनवरचा प्रत्येक रकाना किती जपून घडवायला हवा!

जपणुकीचं एक चांगलं उदाहरण त्याच अ‍ॅपमध्ये आहे. दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्त करायची मुभा मिळाली. शेतकऱ्याची स्वयंघोषित नोंद अंतिम मानायची आणि तलाठ्यानं त्यांतल्या १० टक्के नोंदींची पडताळणी करायची, हेही तेव्हाच ठरलं. सरकारी कागदावर एकदा लिहिलं की खोडता येत नाही, ही भीती आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. सातबाऱ्यावरची लेखनातली चूक दुरुस्त करायची तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे जावं लागतं. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना झालेल्या चुका काढायला तर २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घ्यावी लागली, शिवाय दुरुस्तीसाठी एडिट आणि री-एडिट अशी दोन मॉड्यूलं वापरावी लागली. त्या तुलनेत ४८ तासांची मुभा हा मोठा विश्वास आहे. पण मुभा आहे हे माणसाला दिसायला हवं. नोंद जतन झाल्यावर 'यशस्वी' अशी पाटी दोन क्षण चमकून जाते, तीच तयार पाटी बहुतेक अ‍ॅपांत असते. इथे तिच्याऐवजी टिकून राहणारा भाग हवा: तुम्ही काय लिहिलंत ते चार ओळींत, दुरुस्तीची मुदत कोणत्या वारी किती वाजता संपते ते, आणि दुरुस्तीचं बटण. 'परवा संध्याकाळी सहापर्यंत' हे वाचून माणूस घरी जाऊन म्हाताऱ्या वडिलांना विचारून येऊ शकतो. 'सत्तेचाळीस तास एकोणसाठ मिनिटं' असा उलटा मोजणारा काटा त्याला फक्त घाबरवतो.

फोटोच्या भागाचंही तसंच. नोंद शेतात उभं राहूनच झाली पाहिजे, म्हणून अ‍ॅप फोनच्या जागेची पडताळणी करतं. पावसाळी ढग, साधा फोन, दाट झालेली पऱ्हाटी. जागेचा ठिपका कधी धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या वावरात पडतो. अशा वेळी 'आपण गटाबाहेर आहात' एवढं सांगून थांबणारा भाग अपुरा आहे. गटाची हद्द, आपण कुठे आहोत ते, आणि कुठल्या दिशेला किती पावलं जायचं ते त्यानं दाखवायला हवं. रेंज नसेल तर फोटो फोनमध्येच ठेवून नंतर पाठवायची सोय ई-पीक पाहणीत आहे. मात्र पाठवणं बाकी आहे की झालं, हे पहिल्या स्क्रीनवर डोळ्यांत भरेल असं दिसलं नाही, तर माणूस नोंद झाली समजून गावी परततो आणि ती नोंद फोनमध्येच पडून राहते.

सगळ्यात अवघड भाग वारसनोंदीचा. ई-हक्क प्रणालीतून वारसाची नोंद, बोजा चढवणं-उतरवणं, अज्ञान पालकाचं नाव कमी करणं, एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची नोंद काढणं, असे अर्ज घरबसल्या करता येतात. वारसनोंद ही मुळात वंशावळ आहे. तयार फॉर्ममध्ये तिची यादी होते: नाव, नातं, वय, एकाखाली एक ओळ. यादीत आधीच वारलेल्या मुलाची जागा कुठे? त्याची बायको आणि पोरं कोणत्या ओळीत? लग्न होऊन दारव्ह्याला गेलेली बहीण यादीतून राहून गेली तर कुणाच्या लक्षात येतं? झाडासारखी मांडणी असेल, प्रत्येक अपत्याची एक जागा आणि प्रत्येक जागेवर 'हयात की मयत' हे विचारलेलं असेल, तर गाळलेलं नाव रिकाम्या फांदीसारखं दिसतं. मुलींची नावं गाळायची जुनी रीत या एका भागानं संपणार नाही, हे मला कळतं. पण 'मुली किती?' हा प्रश्न स्वतंत्र चौकटीत विचारला आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता आलं नाही, तर गाळणाऱ्याला निदान खोटा आकडा लिहावा लागेल, आणि नोटीस काढणाऱ्या तलाठ्यासमोर तो आकडा येईल. एवढा फरकही मला मोलाचा वाटतो.

आता खर्चाची बाजू. हातानं घडवलेला प्रत्येक भाग नंतर सांभाळावा लागतो. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तयार भाग आपोआप सुधारतात, आपला मात्र आपणच तपासायचा. घडवणारी कंपनी ठेका संपला की जाते, आणि तिच्या माणसांबरोबर त्या भागाची माहितीही जाते. म्हणून बटणाचा आकार आवडला नाही, निळ्याऐवजी भगवा रंग हवा, अशा कारणांसाठी नवा भाग घडवणं मला उधळपट्टी वाटते. मोबाइल क्रमांक, पिनकोड, ओटीपी यांना तयार चौकटी उत्तम आहेत. जिथे माणसाचं माप, नातं किंवा पीक तयार चौकटीत मावत नाही, आणि न मावल्यानं त्याचं काम पुढच्या टेबलावर चुकीचं पोचतं, तिथेच हात घालावा. महसुलाच्या कामात अशा जागा माझ्या मते मोजक्या आहेत: क्षेत्र, मिश्र पीक, वंशावळ, सामाईक खात्यातले हिस्से, जागेसह फोटो आणि दुरुस्तीची मुदत.

सामाईक खात्यांची गोष्ट राहिली. कापूस-सोयाबीनच्या अर्थसहाय्यात एकाच खात्यावर अनेक नावं असतील तर कुणा एकाच्या नावे रक्कम घ्यायला बाकीच्यांचं ना-हरकत पत्र लागत होतं. भावाभावांत बोलणं नसेल, एक पुण्यात, एक सुरतेला, तर कागद फिरवणार कोण? नव्या सातबाऱ्यात खाते क्रमांक नावाला लागूनच छापला जातो, पूर्वी तो इतर हक्कांकडे शोधावा लागे. त्यामुळे कोण कोणत्या खात्यात आहे हे निदान एका नजरेत कळतं. पुढची पायरी म्हणजे प्रत्येक सहहिस्सेदाराला आपापल्या फोनवर संमती देता यावी आणि कुणाची आली, कुणाची राहिली, ते सगळ्यांना दिसावं. बँकांच्या कर्जप्रकरणांत जामीनदारांसाठी असे भाग कधीचे वापरात आहेत.

हे सगळं मुंबई-पुण्यातच बनेल, असं धरून चालायचं कारण नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ पासून मुलं शिकतात. त्यांतली कितीतरी शेतकऱ्यांच्या घरची असणार. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प म्हणून सिनेमाच्या तिकिटांची किंवा ग्रंथालयाची तीच तीच अ‍ॅप कॉलेजाकॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत. त्यांऐवजी एकेका गटानं एकच भाग घ्यावा. हेक्टर-आरचा एक, तासांचा एक, वंशावळीचा एक. तो खुल्या परवान्यानं ठेवावा, म्हणजे महसूल, कृषी, पणन, विमा कुणालाही उचलता येईल. तपासणी प्रयोगशाळेत करू नये. फोन घरातल्या आजोबांच्या हातात द्यावा, त्यांच्या वावराचं क्षेत्र लिहायला सांगावं आणि आपण गप्प बसून बघावं. ते कुठे थांबतात, कुठे चष्मा वर करतात, कुठे फोन परत देतात, तेवढं टिपून घ्यावं. देवनागरी अंक, तडा गेलेली काच, घामेजलेली बोटं, भर उन्हात न दिसणारी स्क्रीन, एकाच फोनवरून चार शेजाऱ्यांच्या नोंदी. या सगळ्या अडचणी या मुलांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

खरिपाच्या पीक पाहणीची नोंदणी अलीकडच्या वर्षांत १ ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. उन्हाळ्यात पहिला मसुदा झाला आणि जूनमध्ये पेरणीच्या वेळी तासं मोजून झाली, तर जुलैअखेर क्षेत्राचा भाग खऱ्या माणसांच्या हाती देता येईल. पहिली चाचणी लोहाऱ्यातच घ्यावी, एक वावर आणि एक प्लॉट घेऊन, दोन्हींत १.५० लिहून.